मिठागराचं पुढचं वर्ष

शुक्रवारी दुपारी लाइट गेली, की पंढरी भोईरच्या पडवीत मिठागराचं पुढचं वर्ष ठरायचं. लाइट असेपर्यंत काम आणि लाइट गेली की बोलणं, असा त्या दोघांचा गेल्या नऊ वर्षांचा शिरस्ता. दोघं म्हणजे मोठागावचा पंढरी आणि कळव्याचा उत्तम नाखवा. पंढरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत वजनकाट्यांच्या कारखान्यात नोकरीला, उत्तम कळव्यातच एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायला. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारची, म्हणून उत्तमनेही क्लासच्या मालकाशी हुज्जत घालून शुक्रवार मागून घेतला होता. आता ज्या दिवशी सुट्टी, त्याच दिवशी लाइट सगळ्यात जास्त वेळ जाणार, हे काही वेगळं सांगायला नको.

तर मिठागर म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, कारण पंढरीच्या सासुरवाडीला अजून वाटतं की जावयाने मिठाचा धंदा काढलाय. संगणक सुरू केला, की त्यात सगळ्यांच्या आधी एक मूळ प्रोग्रॅम जागा होतो. बाकीच्या प्रोग्रॅमना तो जागा देतो, फायली कुठे ठेवल्यात ते लक्षात ठेवतो, कीबोर्डचं बटण दाबलं तर ते कोणासाठी दाबलं ते ठरवतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला. सारं जग ती मोठ्या परदेशी कंपन्यांची वापरायचं, आपल्याकडे तर बहुतेक जण एकमेकांच्या फ्लॉपीवरून उतरवून घेतलेली. ह्या दोघांनी ती घरी लिहिली होती. मोठागावात, खाडीच्या अंगाला, पंढरीच्या आतल्या खोलीत, कणग्या ठेवायची जागा रिकामी करून.

नाव पंढरीने ठेवलं. त्याचा बाप, आबा, जन्मभर मिठागरात राबला. डिस्कवर वाफे पाडायचे आणि आलेली माहिती लगेच त्या त्या वाफ्यात सोडून मोकळं व्हायचं, वाटेत साठवून ठेवायची नाही, ही कल्पना पंढरीला बापाच्या कामावरूनच सुचली. उत्तमला नाव कधीच पटलं नाही. "तीन अक्षरी इंग्रजी काहीतरी ठेवूया रे. हे नाव ऐकून लोक गोणी घेऊन येतील," असं तो म्हणायचा. गोणी घेऊन काय आणि पिशवी घेऊन काय, कोणीच आलं नाही.

कोणीच नाही म्हणजे एक हॉस्पिटल सोडून. कल्याणला पारनाक्याजवळ डॉक्टर चौबळ बाईंचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. पंढरीच्या बायकोचं, बायजाचं, दुसरं बाळंतपण तिथं अडलेलं, बाईंनी ते निभावून नेलं, त्या ओळखीवर पंढरी एकदा धीर करून आपलं मशीन दाखवायला घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव अर्धं टाइप केलं आणि पंढरीने भिंतीतला प्लग खसकन ओढला. मुलगी दचकली. त्याने प्लग परत लावला. मशीन उठलं, आणि पडद्यावर ते अर्धं नाव जसंच्या तसं, पुढच्या अक्षराची वाट बघत उभं. चौबळ बाई चष्मा वर करून बघत राहिल्या. त्यांच्याकडे त्या वेळी जे मशीन होतं ते लाइट गेली की आख्ख्या दिवसाच्या नोंदी खायचं. "हे ठेवून जा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पंढरी कल्याण स्टेशनपर्यंत चालत आला आणि उत्तमच्या क्लासवर फोन करून नुसता हसत बसला.

ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता शहाण्णवचा डिसेंबर उजाडला होता आणि हसू कोणालाच येत नव्हतं.

पतपेढीचं कॅलेंडर मागून कोरं यायचं. दर डिसेंबरला त्याचं पान उलटं करून दोघं पुढच्या वर्षाची कामं लिहायचे. लिहायची कसली, मागच्या वर्षीची उतरवून काढायची. दहा कामं लिहिली तर दोन व्हायची, आठ पुढच्या पानावर चढायची. माऊस चालवणे हे काम तर इतक्या पानांवरून पुढे सरकलं होतं, की आता ते लिहिताना उत्तम वर बघतसुद्धा नसे. ह्या वर्षी त्याने माऊसच्या खाली चित्रांच्या खिडक्या लिहिलं, त्याच्या खाली दोन मशीन एकमेकांना जोडणे लिहिलं, आणि पेन पंढरीकडे सरकवलं.

"हॉस्पिटलचं लिही सगळ्यात वर," पंढरी म्हणाला.

"ते काय काम आहे? ती तर दुरुस्ती. यादीत काम लिहायचं."

"मशीन थिजतंय तिथं, उत्तम. दर दोन-तीन दिवसांनी. कीबोर्ड दाबलं तर काही नाही, पडदा जागच्या जागी. ती मुलगी रडकुंडीला येते."

"अरे, तू चार वेळा जाऊन आलास ना? काय सापडलं?"

काय सापडणार! वाण्याच्या फोनवर निरोप यायचा, पंढरी अर्धा दिवस रजा टाकून कल्याणला पोचायचा, तोवर मुलीने वैतागून मशीनचं बटण बंद करून परत चालू केलेलं असायचं. मग ते कसं गुणी बाळासारखं चालायचं. पंढरी दुपारभर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहायचा आणि ते काही म्हणजे काही चुकायचं नाही. घरच्या मशीनवर त्याने तीच नावं, त्याच नोंदी घालून पाहिल्या. तिथंही सगळं ठीक. मेमरीच्या चिप बदलल्या, डिस्कची वायर बदलली, कीबोर्ड धुऊन वाळवला. डोक्याचा भुगा झाला, पण घोडं कुठं अडलंय ते कळेना.

"हार्डवेअर आहे," उत्तम म्हणाला. "खाडीची हवा."

"कल्याणच्या त्या खोलीत कुठली खाडीची हवा?"

"मग उंदीर असेल. हे बघ पंढरी, एका जागेसाठी आपण वर्ष घालवायचं का? खिडक्या नाही आल्या ना, तर कोणी ढुंकून बघणार नाही आपल्याकडे. माझ्या क्लासची पोरं मला विचारतात, सर, तुमच्यात चित्रं का नाहीत. काय सांगू मी त्यांना? पाचव्या नंबरला लिही तुझं हॉस्पिटल."

"एका जागेसाठी म्हणतोस, पण आपल्याकडे एकच जागा आहे."

ते खरंच होतं. चौबळ बाईंनी मिठागर काढून टाकलं असतं, तर पृथ्वीच्या पाठीवर ते वापरणारं कोणी राहिलं नसतं. मग नऊ वर्षं घातली कशात, ह्याचं उत्तर दोघांनाही आपापल्या घरी द्यावं लागलं असतं. मिठागर संपेल, ह्या एका गोष्टीची पंढरीला भीती वाटायची आणि खोटं कशाला बोला, हल्ली हल्ली त्याला ती हवीशीही वाटायची. कारखान्यातून यायचं, चहा पोटात ढकलायचा आणि त्या खोलीत जाऊन बसायचं, ह्याचा त्याला आता शीण येत होता. पाठ दुखायची. चाळिशी लागली होती आणि पडद्यावरची अक्षरं पुसट दिसायची. कोणीतरी मोठ्या माणसाने येऊन, बाबा आता पुरे, असं म्हणावं, असं त्याला वाटायचं. पण घरात मोठं माणूस तोच होता.

शेवटी हॉस्पिटल तिसऱ्या नंबरला लिहिलं गेलं. दोघांचंही समाधान झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी पंढरीने ठरवलं, की आज मशीन थिजेपर्यंत त्या स्टुलावरून उठायचंच नाही. डबा घेऊनच तो कल्याणला गेला. पारनाक्यावर रिक्षातून उतरला तेव्हा आख्ख्या रस्त्याची लाइट गेलेली होती. पिठाची गिरणी बंद, झेरॉक्सवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला. रिक्षाचे पैसे देऊन तो हॉस्पिटलच्या पायऱ्या चढला, आत शिरला, आणि डोक्यावरचा पंखा फिरताना बघून थबकला.

मागच्या बाजूने घरघर ऐकू येत होती. ही घरघर त्याने आधीही ऐकली होती, दर वेळी ऐकली होती. बाळंतपणाच्या हॉस्पिटलात शंभर आवाज असतात, त्यातला एक, म्हणून सोडून दिली होती. काउंटरवरचं मशीन चालू होतं आणि मुलगी शांतपणे कोणाचं तरी वय टाइप करत होती.

"हा जनरेटर कधीपासून गं?" त्याने विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून, काका. आणि ही खालची पेटी पण तेव्हाच बसवली. जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटरीवर चालतं. लाइट गेलेली कळतसुद्धा नाही आता." मुलीला त्याचं फार कौतुक होतं.

"आणि हे थिजायला कधीपासून लागलं?"

मुलीने जरा आठवून बघितलं. "गणपतीतच पहिल्यांदा झालं. गौरीच्या दिवशी. मी एकटीच होते ना इथं, म्हणून लक्षात आहे."

पंढरी बाकावर जाऊन बसला. शेजारी एक म्हातारी सुनेसाठी आणलेला डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने सरकून जागा दिली.

आता त्याला जे दिसलं ते असं. कुठलाही प्रोग्रॅम चालला, की त्याला मेमरीत थोडी जागा लागते. काम झालं, की ती जागा त्याच्याकडून काढून घ्यायची असते, म्हणजे दुसऱ्याला देता येते. मिठागराने ती कधी काढून घेतलीच नव्हती. द्यायचं तेवढं येत होतं, परत घ्यायचं त्यात लिहिलेलंच नव्हतं. सुरुवातीला करू मग म्हणून राहिलं आणि मग त्याची गरजच पडली नाही. कारण मोठागावात, कळव्यात, जनरेटर यायच्या आधी इथंही, दिवसातून एकदा तरी लाइट जायची. लाइट गेली की मेमरी पुसली जायची, सगळ्या जागा आपसूक मोकळ्या व्हायच्या आणि मिठागर वाफ्यांतून माहिती काढून पुन्हा ताजंतवानं उभं राहायचं. आता जनरेटरमुळे इथली मेमरी दोन-तीन दिवस भरत राहायची, आणि जागा संपली की मशीन थिजायचं. दोघांनी नऊ वर्षांत प्लग किती वेळा ओढला असेल त्याला गणती नाही. लिहिताना ओढला, वाचताना ओढला, छापताना ओढला. लाइट गेल्यावर काय होईल, त्याची एकही शक्यता सोडली नव्हती. लाइट राहिली तर काय होईल, हे बघायचं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बघणार तरी कुठं होते? तशी जागाच त्यांच्या ओळखीत नव्हती.

त्याला हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग नुसताच थकवा आला. म्हातारीने विचारलं, "मुलगी झाली काय?" तो नाही म्हणाला.

डॉक्टर चौबळ बाई राउंड संपवून खोलीत आल्या तेव्हा पंढरीने त्यांना सगळं सांगितलं. बाई साठीच्या, बोलणं स्वच्छ पुणेरी वळणाचं, आणि ऐकताना मध्ये न बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लाइट जात नाही म्हणून ते बंद पडतं," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम." आणि मग त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तसं फार काही करायला लागणार नाही. रोज दुपारी थोडा वेळ मशीन बंद ठेवलं, परत चालू केलं, तर काही त्रास होणार नाही. हिला सांगून ठेवतो."

चौबळ बाई रागावल्या नाहीत.

"भोईर, हा जनरेटर मी का घेतला, माहीत आहे तुम्हाला? आषाढात एक बाई टेबलावर होती. पोट उघडलेलं आणि लाइट गेली. आयाने टॉर्च धरला, तिचा हात कापत होता. बाळ वाचलं. पण तेवढा वेळ मी काही विसरणार नाही. तीस वर्षं मी मेणबत्त्या आणि टॉर्च जय्यत तयार ठेवत आले, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या रात्री घरी जाऊन मला वाटलं, मी तीस वर्षं लाइट जाण्याची तयारी केली. ती जाऊ नये म्हणून काही केलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता तुम्ही मला सांगताय, की रोज थोडा वेळ घालवत जा."

"फक्त काउंटरचं मशीन, मॅडम."

"कळलं मला. पण अडलेल्या बाईचा नवरा धावत येईल, मागच्या खेपेचा रक्तगट विचारेल, आणि नेमकं तेव्हा ते बंद असेल, हेही मला कळतं. दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील ते सांगा. मी थांबेन. तुमचं मशीन मला आवडतं."

हे शेवटचं बाईंनी बोलायला नको होतं. नुसतं रागावल्या असत्या तर पंढरीला सोपं गेलं असतं. "विचार करून सांगतो," तो म्हणाला आणि डबा तसाच घेऊन घरी आला.

उत्तम पडवीत बसूनच होता. लाइट नव्हती. बायजा बालवाडीतल्या कामावरून येऊन उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. पंढरीने चपला काढता काढता सांगितलं, तेव्हा उत्तमने डोक्याला हात लावला.

"मेमरीचं मी लिहिलेलं," उत्तम म्हणाला.

"तू लिहिलंस, मी वाचलं. दोघांनीही बघितलं नाही."

"आता परत घ्यायचं लिहायचं म्हणजे..." उत्तमने कॅलेंडरचं पान ओढलं आणि माऊस, खिडक्या, सगळ्यावरून एक लांब रेघ मारली. "प्रत्येक प्रोग्रॅममध्ये जागा घेतलीय, आणि कोणी कुठे घेतली त्याची नोंद नाही. तळापासून उकरायला लागेल. डिस्कचं, कीबोर्डचं, प्रिंटरचं, सगळंच. वर्ष तरी. दीड म्हण. शुक्रवारच्या शुक्रवारी केलं तर दोन."

"आणि तपासायचं कुठं?" पंढरी म्हणाला. "दोन-दोन दिवस लाइट राहायला हवी. ते आपल्याकडे होणार नाही."

उत्तमने पेनाला टोपण लावलं.

"तू त्यांना सांग ना रोज बंद ठेवायला," उत्तम म्हणाला.

"सांगितलं."

"मग?"

पंढरीने चौबळ बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. बायजाचे हात सुपात थांबले. ती ह्या दोघांच्या बोलण्यात कधी पडत नसे. यंत्राचं तिला काही वाटत नसे, वाईटही नाही आणि बरंही नाही. पण आता ती म्हणाली, "चार वर्सा झाली मना. पोरांच्या परीक्षेला पंखा चालंल येवढी एक बॅटरी घ्या म्हनत होते. तुमी काय बोल्लेव? लाइट जानारच, सवय करा."

"त्याचा हिथं काय संबंध?" पंढरी चिडला.

"संबंध नाय. येवढंच, का तुमाला ती जाईल हे यवस्थित ठावं होतं. राहील असा कवा वाटलाच नाय." तिने सूप उचललं आणि ती आत गेली.

पंढरीला खूप राग आला, पण बायजा जे बोलली त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करण्यासारखं नव्हतं. नऊ वर्षांची आपली हुशारी त्याला एकदम कळली. ती सगळी सोसण्याची हुशारी होती. आबा तसाच होता, खाडीचं पाणी घुसलं की बांध घालायचा, पुन्हा घुसलं की पुन्हा घालायचा, कोणाकडे काही मागायला म्हणून गेला नाही. पंढरीने त्याचंच शिक्षण घेऊन तेच यंत्रात उतरवलं. त्याला बापाचा राग आला नाही. स्वतःची कीव मात्र आली.

"पंढरी," उत्तम खालच्या आवाजात म्हणाला, "मी दोन वर्षं नाही देऊ शकत रे. खरंच नाही. घरी मला आता शुक्रवारचं नाव काढायची सोय राहिली नाही. खिडक्या म्हणाला असतास तर ओढलं असतं कसंतरी, त्याची हौस तरी होती. हे तळ उकरणं माझ्याच्याने नाही होणार." त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि ते त्याने पुसलंही नाही. "तू रागावशील."

"नाही रागावत," पंढरी म्हणाला. तो खरंच रागावला नव्हता. मीही नाही करू शकत, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते त्याला त्या वेळी बोलता आलं नाही.

सोमवारी त्याने वाण्याच्या दुकानातून चौबळ बाईंना फोन केला आणि सांगितलं, दोन वर्षं लागतील, तुम्ही थांबू नका, दुसरं घ्या. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण आमच्या नोंदी तेवढ्या नव्यात घालून द्याल ना? त्या तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला काढता येणार नाहीत." ते पंढरीला करणं भागच होतं.

नवीन मशीन ठाण्याहून आलं. त्यात माऊस होता, खिडक्या होत्या, सगळं होतं. बसवायला आलेला माणूस आदल्या दिवशी मुलीला शिकवून गेला होता. शुक्रवारी सकाळी पंढरी फ्लॉपींचा डबा घेऊन पोचला. दोन्ही मशीन काउंटरवर शेजारी शेजारी मांडली होती. मिठागरातून नोंदी फ्लॉपीवर काढायच्या, ती फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घालायची, परत रिकामी करून इकडे आणायची, असं ते कंटाळवाणं काम होतं.

आणि मिठागर थिजायला लागलं. पूर्वी दोन-तीन दिवसांनी थिजायचं, आता एवढ्या सगळ्या नोंदी एकदम उपसायच्या म्हटल्यावर तासातासाला जागा संपत होती. पडदा थांबायचा. पंढरी वाकून खालच्या बॅटरीच्या पेटीतला प्लग काढायचा, मनातल्या मनात थोडं मोजायचा, परत लावायचा. मशीन उठायचं, आणि जिथं थांबलं होतं नेमकं त्याच नावावर, त्याच अक्षराशी येऊन उभं राहायचं. एकही बाई सुटली नाही, एकही तारीख हलली नाही. जेवायच्या वेळेपर्यंत त्याने कितीदा तरी प्लग ओढला असेल, आणि कितीदाही ओढला तरी ते तक्रार न करता उठून पुढचं नाव हातात देत होतं. दर वेळी त्याला अभिमान वाटत होता. असं कामसू पोर पुढे पाठवायचं सोडून आपण त्याला घराबाहेर काढतोय, असं त्याला वाटत राहिलं.

चौबळ बाई मध्ये एकदा येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी चहा पाठवला.

संध्याकाळी शेवटची नोंद उतरली. पंढरीने नव्या मशीनवर पहिलं नाव काढून बघितलं, मधलं बघितलं, शेवटचं बघितलं. बरोबर होतं. मुलीने मोठ्या उत्साहाने नव्या मशीनचा माऊस हातात घेतला. तिला ते दोन्ही बंद करून काउंटर पुसायचा होता आणि मग नवं एकटंच चालू करायचं होतं. तिने नव्या मशीनला बंद व्हायला सांगितलं, ते थोडा वेळ कुरकुरलं, मग पडद्यावर, आता बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाचं इंग्रजी आलं. तसं आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असं तिला बजावून सांगितलेलं होतं. मग ती मिठागराकडे वळली, बोटं कीबोर्डवर ठेवून.

"काका, ह्याला बंद करायला काय टाइप करायचं?"

नऊ कॅलेंडरांच्या मागे त्यांनी काय काय लिहिलं होतं, पण हे काम त्यात कधी आलंच नव्हतं.

"ह्याला तसं काही नाही गं," तो म्हणाला. "लाइट गेली की होतं ते आपोआप."

"पण काका, आता लाइट जात नाही ना इथं."

"हो," पंढरी म्हणाला. तो गुडघ्यावर हात देऊन काउंटरखाली वाकला आणि त्याने प्लग काढला.